सहीपुरतं मरण

शेवटच्या वर्षाच्या मुलांचे संशोधन प्रकल्प ठरायला लागले की दरवर्षी एक तरी गट हा विषय घेऊन येतोच : मरणासन्न रुग्णांच्या सेवेबद्दल नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन. विषय मुलांना सोयीचा वाटतो, कारण प्रश्नावली आयती मिळते. कॅथरीन फ्रॉमेल्ट या अमेरिकन परिचारिकेनं 1991 मध्ये ती प्रसिद्ध केली. तीस विधानं, प्रत्येकापुढं 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच पर्याय. निम्मी विधानं सुलट, निम्मी उलट, म्हणजे भरणाऱ्यानं डोळे मिटून खुणा करू नयेत. मुलं ती मराठीत उतरवतात, खालच्या वर्गांत वाटतात, जेवणाच्या सुट्टीत भरून घेतात. मग बेरजा, टक्केवारी, रंगीत आलेख, बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं. निष्कर्ष बहुतेक वेळा एकच : दृष्टिकोन अनुकूल आहे, प्रशिक्षणाची गरज आहे.

मी आधी बरीच वर्षं वॉर्डात स्टाफ नर्स होते, नंतर ट्यूटर म्हणून शिकवायला लागले. दोन्ही याच शहरात, ते औरंगाबाद होतं तेव्हापासून. त्या निष्कर्षावर माझा फारसा भरवसा नाही. मुलं खोटं लिहितात असं मला म्हणायचं नाही. मरणाऱ्याची सेवा चांगली गोष्ट आहे का, असं एकोणीस वर्षांच्या मुलीला विचारलं तर ती हो म्हणणारच, आणि तिला मनापासून तसंच वाटत असतं. पण तीच मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात रुग्ण निवडताना काय करते, ते पाहायला हवं.

रुग्ण निवडणं हा आमच्याकडे रोजचा प्रकार. प्रत्येक पोस्टिंगला मुलांना 'केस' घ्यावी लागते. एक रुग्ण घ्यायचा, सलग काही दिवस त्याची शुश्रूषा करायची आणि केअर प्लॅन लिहायचा. अडचण काय, उद्दिष्ट काय, आपण काय केलं, फरक काय पडला. शेवटचा रकाना मूल्यमापनाचा. तिथं 'रुग्णाच्या स्थितीत सुधारणा' असं लिहिता आलं की वही पुरी. मधेच रुग्ण दगावला तर मुलं येऊन सांगतात, "मॅडम, माझी केस गेली." मग नवा रुग्ण शोधा, पहिल्या पानापासून लिहा, आणि सबमिशनची तारीख तीच. त्यामुळं अपेंडिक्स, हर्निया, टायफॉइड यांच्यासाठी मुलांत भांडणं लागतात. भिंतीकडच्या, पडदा लावलेल्या खाटेसाठी कुणी भांडत नाही.

आणि याच वहीची दुसरी बाजू. प्रोसिजर बुकात एक ओळ मृतदेहाच्या अंतिम शुश्रूषेची असते. तीही करून तिच्यापुढं सही घ्यावी लागते. वॉर्डात कुणी गेलं की निरोप होस्टेलपर्यंत पोचतो आणि ज्यांची सही राहिलीय ती मुलं धावत येतात. काल दिवसभर त्या आजीच्या खाटेकडे न फिरकलेल्या चारजणी आज तिच्या भोवती कापूस आणि बँडेज घेऊन उभ्या. मला याचा पूर्वी संताप यायचा. मग लक्षात आलं की मुलं निर्दय नाहीत, शहाणी आहेत. आपण ज्याला गुण देतो ते ती करतात. मेलेल्या माणसासाठी वहीत ओळ आहे. मरत असलेल्या माणसासाठी नव्हती.

मुलं कुठून येतात तेही सांगायला हवं. कन्नड, सिल्लोड, वैजापूर, भोकरदन, अंबड. बापाची दोन-चार एकर जमीन, नाहीतर आई आशा कार्यकर्ती. बऱ्याचजणींनी घरात मरण पाहिलेलं असतं. आजोबांना खाटेवरून खाली घेतलेलं, तोंडात तुळशीचं पान ठेवलेलं, गल्लीतल्या बायका जमलेल्या. त्या मरणाला त्या भीत नाहीत. दवाखान्यातलं मरण त्यांना अनोळखी असतं, कारण तिथं काय करायचं ते ठरलेलं नसतं. घरी आत्याला कळतं की आता पाणी द्यायचं. वॉर्डात खाटेच्या डोक्याशी 'एनबीएम'ची पाटी असते, म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही. आमची एक मुलगी त्या पाटीकडे बोट दाखवून एका म्हातारीला नवऱ्याच्या तोंडात गंगाजल घालू देईना. मुलीचं शास्त्र बरोबर होतं. गिळता न येणाऱ्याच्या तोंडात चमचाभर पाणी गेलं तर ते श्वासनलिकेत उतरतं. म्हातारीचंही बरोबर होतं. मी वाटीत गंगाजल घेतलं, त्यात गॉजचा तुकडा भिजवला, घट्ट पिळला आणि म्हातारीच्या हातात दिला. तिनं नवऱ्याच्या ओठांवरून, जिभेवरून तो फिरवला. त्याच आठवड्यात पलीकडच्या खाटेवरच्या एका चाचांसाठी त्यांच्या मुलानं हजहून आणलेलं झमझमचं पाणी काढलं, तेव्हा त्याच मुलीनं न सांगता वाटी आणि गॉज पुढं केला. नंतर खाटेचं तोंड किब्ल्याकडे वळवायचं होतं. सलाईनचा स्टँड, ऑक्सिजनची नळी, बाजूचं कपाट, सगळं सांभाळून तिनं आणि वॉर्डातल्या मामांनी ती खाट फिरवली. बौद्ध कुटुंब असेल तर हळू आवाजात त्रिशरण-पंचशील म्हणायला आडकाठी नको, हेही ती शिकली. या शहरात एका वॉर्डात एका रात्री हे तिन्ही होऊ शकतं.

माउथ केअर ही गोष्ट कुणालाच मोठी वाटत नाही. पहिल्या वर्षी शिकवतात, पुढं विसरतात. पण ज्याला धाप लागलीय, जो तोंडानं श्वास घेतोय, त्याच्या तोंडाची काय अवस्था होते ते जवळून पाहावं. जिभेवर पिवळट-तपकिरी थर चढतो, तो वाळून त्याला भेगा पडतात. टाळूला खपल्या धरतात. ओठ दाताला चिकटतात. तो माणूस बोलत नाही, त्याचं कारण कधीकधी एवढंच असतं की त्याची जीभ हलत नाही. बोटाला गॉज गुंडाळून, कोमट पाण्यात भिजवून, आधी ओठ ओले करायचे, ते सुटे होईपर्यंत थांबायचं, मग गालाच्या आतून, मग हिरड्या, शेवटी जीभ. खपली ओढायची नाही, भिजवून सुटू द्यायची. शेवटी ओठांना व्हॅसलीन. घाई केली की रक्त येतं. एका मावशींचं तोंड आमच्या एका मुलानं असं अर्धा तास बसून साफ केलं. तो फुलंब्रीकडचा, हाडापेरानं दांडगा. त्याला सगळे रुग्ण उचलायलाच बोलवायचे. दोन दिवस काही न बोललेल्या त्या मावशी त्यानंतर म्हणाल्या, "चहा." चहा त्याच गॉजनं दिला, चार थेंब. मुलगा वर्गात आला तो चेहरा उजळून. त्या बाई दुसऱ्या दिवशी गेल्या. पण त्यानं 'माझी केस गेली' असं म्हटलं नाही.

माझ्या शिकवण्याला वळण मिळालं ते तिथून. आधी मी भाषण द्यायचे. मृत्यू हा आयुष्याचा भाग आहे वगैरे. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 च्या पुस्तकात सांगितलेल्या पाच अवस्था फळ्यावर लिहायचे : नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. परीक्षेत हा प्रश्न येतो, मुलांना तोंडपाठ असतो. त्याचा वॉर्डात परिणाम असा व्हायचा की मुलं रुग्ण कुठल्या अवस्थेत आहे ते शोधायला जायची. एकीनं केअर प्लॅनमध्ये लिहिलं होतं : 'रुग्ण तिसऱ्या अवस्थेत.' रुग्ण फक्त घरी जाऊ द्या म्हणत होता. क्युब्लर-रॉसबाईंनी स्वतःच पुढं सांगितलं होतं की या पायऱ्या माणूस क्रमानं चढत नाही. पण पाठ्यपुस्तकात क्रमांक पडले की पडले. मी ते भाषण कमी केलं आणि हातानं करायची कामं वाढवली. कूस कशी बदलायची, पापण्या कोरड्या पडल्या तर काय, घशातली घरघर वाढली तर डोकं आणि मान कशी वळवायची, ती घरघर ऐकून नातेवाईक घाबरतात तेव्हा त्यांना काय सांगायचं. काम आलं की मुलं खाटेजवळ जातात. गेली की बोलणं सुरू होतं. आधी मन तयार होईल आणि मग हात चालतील, अशी माझीही समजूत होती. माझ्या अनुभवात हे बहुतेक वेळा उलट्या दिशेनं होतं.

तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे रुग्ण आमच्या भागात फार. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. गुटखा कुठं मिळतो ते शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. त्याच वर्षी इथं आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालं, आणि मराठवाड्यासह बुलढाणा, जळगाव, नगरकडचे लोकही इकडे येऊ लागले. यातले बरेचजण फार उशिरा येतात. मी जिथं मुलांना घेऊन जायचे तिथं एक असेच गृहस्थ होते. गाल फुटून बाहेर आलेली जखम, आणि तिचा वास. तो वास शब्दांत सांगता येत नाही. वॉर्डाच्या दारात पाऊल ठेवलं की कळायचं ते आहेत. मुलं दोन-दोन मास्क लावायची, मास्कला आतून विक्स लावायची आणि ड्रेसिंग उरकून पळायची. त्यांची बायकोही जेवायला व्हरांड्यात जायची. एका मुलीनं रडत सांगितलं, "मॅडम, मला त्यांची दया येते, पण जवळ गेलं की उलटी येते." प्रश्नावलीत तिचं उत्तर काय आलं असतं? आणि ते खरं मानायचं की खोटं?

अशा जखमेवर एक साधा उपाय आहे. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून त्यांची बारीक पूड जखमेवर भुरभुरायची. वास करणारे जंतू प्राणवायूशिवाय वाढणारे असतात आणि हे औषध नेमकं त्यांच्यावर चालतं. गोळी स्वस्त, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी. डॉक्टरांना विचारून आम्ही ते सुरू केलं. दोन-तीन दिवसांत वास बराच कमी झाला. बायको खाटेशेजारी डबा उघडून बसू लागली. मुलं एका मास्कवर आली. त्या गृहस्थांना बोलता येत नव्हतं, पाटीवर लिहून ते मुलांना त्यांची गावं विचारायचे आणि कुठल्या गावचा बाजार कोणत्या वारी ते लिहून दाखवायचे. ते गुरांचे व्यापारी होते. तिथं कुणाचा दृष्टिकोन बदलला असेल तर तो भुकटीनं बदलला.

मॉर्फिनची गोष्ट थोडी वेगळी. गोळी दर चार तासांनी द्यायची असते, बद्धकोष्ठता होऊ नये म्हणून बरोबर रेचक, आणि दुखायला लागण्याची वाट पाहायची नसते. हे मुलांना कळतं, पण हात अडखळतो. मादक पदार्थांचा 1985 चा कायदा इतका कडक होता की कित्येक दवाखान्यांनी परवान्यांच्या कटकटीला कंटाळून मॉर्फिन ठेवणंच सोडलं होतं. 2014 मध्ये त्यात दुरुस्ती झाली, वाट थोडी सोपी झाली. भीती मात्र सिस्टरांच्या एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे आली. "मॅडम, मी दोनला गोळी दिली आणि चारला ते गेले." हे वाक्य मी कितीतरी मुलींच्या तोंडून ऐकलंय. तिला मी औषधशास्त्र सांगते, डोस सांगते, दिवसभर तोच डोस चालू होता हे चार्टवर दाखवते. तरी त्या रात्री होस्टेलवर तिच्या खोलीत एखादी मैत्रीण झोपेल याची व्यवस्था करते. चार्टनं सगळं भागत नाही.

सगळ्यात अवघड काम कुठलं, असं मला विचारलं तर मी प्रेताची बांधाबांध म्हणणार नाही. सगळ्यात अवघड आहे एका प्रश्नाला उत्तर देणं. तो प्रश्न डॉक्टरांना कुणी विचारत नाही, कारण डॉक्टर राउंडला थांबत नाहीत. तो विचारला जातो ब्लड प्रेशर घेणाऱ्या, अंग पुसणाऱ्या, पांढऱ्या-निळ्या गणवेशातल्या मुलीला. "बाई, मी बरा होईन ना?"

तणनाशक प्यालेला एक मुलगा होता, विशी-बाविशीचा. काही तणनाशकांवर उतारा नाही. रुग्ण शुद्धीवर असतो, बोलतो, हसतो, आणि फुफ्फुसं आतून निकामी होत जातात. डॉक्टरांनी घरच्यांना सगळं सांगितलं होतं. आईनं आमच्या पोरीचे हात धरले, "त्याला सांगू नका, माय." पोरगी त्याच्याच वयाची, शेजारच्या तालुक्यातली. तो रोज तिला सुट्टी कधी मिळणार विचारायचा आणि ती रोज बाथरूममध्ये जाऊन रडायची. तिनं मला ड्यूटी बदलून मागितली. मी तिला सांगितलं, बदलून देते, पण त्याआधी एकदा माझ्याबरोबर चल. आम्ही दोघी गेलो. त्यानं मला तेच विचारलं. मी होशीलही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "तुला काय वाटतंय?" असं विचारलं आणि गप्प बसले. तो बराच वेळ मोबाइलच्या कव्हरशी खेळत राहिला. मग म्हणाला, "मला कळतंय, मॅडम. आईला सांगू नका."

दोघं एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होते आणि मधे आमची मुलगी उभी होती. नंतर डॉक्टर आणि समाजसेवा अधीक्षक बसले, मायलेकांना एकत्र बोलू दिलं. काय बोलणं झालं मला माहीत नाही. मुलीनं ड्यूटी बदलली नाही. शेवटच्या दिवशी तो क्रिकेटचा स्कोअर विचारत होता आणि ती सांगत होती. तिच्या केअर प्लॅनच्या मूल्यमापनाच्या रकान्यात तिनं लिहिलं : 'रुग्ण आईशी बोलला.' मी पूर्ण गुण दिले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि 'मोजता येईल असं लिहा' असा शेरा दिला.

मुलांची अजिंठ्याची सहल दरवर्षी असते. सोळाव्या लेण्यात एक चित्र आहे, मरणासन्न राजकन्या म्हणून प्रसिद्ध. पाचव्या शतकातलं. कथा बुद्धाचा भाऊ नंद याच्या बायकोची. नवरा भिक्षू झाला, त्याचा मुकुट घेऊन सेवक आलाय आणि ते पाहून ती कोसळलीय. त्यामुळं ती मरतेय की तिला घेरी आलीय, हा वाद अभ्यासकांनी घालावा. मी मुलांना तिच्याकडे पाहू नका म्हणते, भोवतीच्या बायकांकडे पाहा म्हणते. एकीनं तिला मागून आधार दिलाय. एकीनं हात धरलाय आणि चेहऱ्याकडे टक लावून पाहतेय. एक पंख्यानं वारा घालतेय. कुणीही लांब उभं नाही. पोझिशन, निरीक्षण, हवा, असं मी म्हणते आणि मुलं हसतात. तिथून सव्विसाव्या लेण्यात जायचं, जवळजवळ सात मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती पाहायची आणि तिच्या समोर विनयपिटकातली एक गोष्ट सांगायची. एक भिक्षू हगवणीनं स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो. बुद्ध आणि आनंद त्याला उचलतात, धुतात, खाटेवर निजवतात. मग बुद्ध इतर भिक्षूंना विचारतात, तुम्ही याचं का करत नाही? उत्तर येतं, तो आमच्या काही उपयोगाचा नाही. आमच्या वहीतल्या मूल्यमापनाच्या रकान्याची मला तिथं दरवेळी आठवण होते.

वर्गात एक वाद मी मुद्दाम लावते. अरुणा शानबाग प्रकरणाचा. मुंबईच्या केईएममधली परिचारिका, 27 नोव्हेंबर 1973 ला तिच्यावर हल्ला झाला, आणि 18 मे 2015 ला तिचा मृत्यू होईपर्यंत त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी तिचं सगळं केलं. सर्वोच्च न्यायालयात तिच्यासाठी दयामरणाची याचिका झाली तेव्हा केईएमच्या परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या आणि 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयानं त्यांचं म्हणणं मानलं. इतकी वर्षं अंथरुणावर असूनही तिला बेडसोर नव्हते. मुलांत इथं सरळ दोन तट पडतात. एक तट म्हणतो, यालाच सेवा म्हणतात. दुसरा म्हणतो, हे तिच्यासाठी की आपल्यासाठी? 2018 च्या निकालानं निष्क्रिय दयामरणाला आणि आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली, 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली, हे मी सांगते आणि बाजूला होते. माझं स्वतःचं मत बेडसोरपाशी येऊन थांबतं. चाळीस वर्षं दर दोन तासांनी कूस बदलली गेली असेल तर त्या हातांना मी दयामरणाच्या वादात कुठल्याही बाजूनं ओढणार नाही.

आमच्याकडे खरं तर वेगळाच वाद रोज होतो, आणि त्याला न्यायालय लागत नाही. "घरी नेतो." व्हेंटिलेटरवरचा माणूस सुधारणार नाही असं कळलं की गावाकडची माणसं एकमेकांत बोलतात आणि कागदावर सही करून रुग्ण नेतात. उंबऱ्याच्या आत जीव जायला हवा. मग नळी तशीच ठेवून, अँब्युलन्समध्ये कुणीतरी नातेवाईक हातानं श्वास देण्याची अँबू बॅग दाबत गावापर्यंत जातो. ती कशी दाबायची ते बऱ्याचदा आमची मुलं शिकवतात : एक, दोन, तीन, दाब. पैठणच्या पुढं कुठल्या वळणावर तो माणूस गेला हे कुणालाच कळत नाही, घरी पोचल्यावर हात थांबतो. एका मुलानं मला विचारलं, "मॅडम, हे आपण खोटं करत नाही का?" मला तसं वाटत नाही. त्या रुग्णाच्या मुलाला साठ किलोमीटर बापासाठी काहीतरी करायला मिळालं. पण विचारणाऱ्याशी मी भांडले नाही. असा प्रश्न पडणारा पोरगा वॉर्डात हवाच.

आता ती सहीची गोष्ट, अंतिम शुश्रूषेची. ती मला शिकवली केरळच्या एका इन्चार्ज सिस्टरनी. पूर्वी आमच्या वॉर्डांत केरळच्या सिस्टर बऱ्याच असायच्या. त्यांचं मराठी त्यांच्या पद्धतीचं. प्रेताचं तोंड पुसताना त्या बोलायच्या, "आज्जी, मी तुमचा तोंड पुसतो हां. आता या बाजूला वळवतो." आम्ही नव्या मुली हसू दाबायचो. पण त्यांच्या हाताखाली प्रेताचं डोकं कधी खाटेच्या दांडीवर आपटलं नाही. डोळे मिटायचे, हनुवटी बांधायची, नळ्या काढायच्या, नाकात-कानात कापूस, पायाचे अंगठे बांधायचे, नावाची पट्टी. ज्यात पोलिस केस आहे त्यात नळ्यांना हात लावायचा नाही. आणि दागिने. बाईचं प्रेत असेल तर इथं वेळ लागतो. जोडवी सुजलेल्या बोटात रुतलेली असतात. मंगळसूत्र काढायचं कुणी, आत्ता की घरी, यावर नातेवाइकांत कुजबुज सुरू होते. हिरव्या काचेच्या बांगड्या सलाईनमुळं फुगलेल्या हातात अडकतात. आमची एक मुलगी कात्री घेऊन आली, फोडते म्हणाली. सासू ओरडली, सौभाग्यवती गेलीय, बांगडी फोडायची नाही. मग साबणाचं पाणी, हात वर धरून ठेवायचा, सूज उतरू द्यायची, एकेक बांगडी अंगठ्याच्या सांध्यावरून फिरवत काढायची, मोजायची आणि रजिस्टरवर सही घेऊन द्यायची. त्या मुलीला त्या दिवशी प्रोसिजर बुकात सही मिळाली. कोविडच्या दोन वर्षांत हे सगळं बंद होतं. प्रेत चेनच्या पिशवीत, नातेवाईक लांब. पीपीई किटमधून एकमेकांचा आवाजही ऐकू येत नव्हता. त्या काळात शिकलेली मुलं अजूनही या बाबतीत कच्ची आहेत, त्यात त्यांचा दोष नाही.

काही वर्षांपासून मी माझ्यापुरता एक बदल केला. पोस्टिंगच्या यादीत एक काम हातानं लिहून टाकलं : न सुधारणाऱ्या रुग्णाजवळ वीस मिनिटं बसणं. फाईल न घेता. सही मी करते. पहिल्यांदा मुलं गोंधळली, बसून काय करायचं मॅडम? काही नाही, म्हटलं. पाय दाबायला सांगितले तर दाबा. सहीसाठी का होईना, मुलं बसायला लागली. काहीजण फक्त सहीपुरतीच बसतात, डोळे घड्याळावर ठेवून, तेही मला दिसतं. तरी कोपऱ्यातल्या खाटेला दिवसातून वीस मिनिटं सोबत मिळते.

अडचण वेगळीच निघाली. आमच्या धंद्यात ड्यूटीवर बसलेली नर्स म्हणजे कामचुकार. मुलगी रुग्णाजवळ बसलेली दिसली की राउंडला आलेलं कुणीतरी हटकणार, "काम नाही का?" तिला उठावं लागायचं. आणि बसायला जागाच नसते. खाटेवर बसणं नियमात नाही, खाटेखाली नातेवाइकांच्या पिशव्या, एकुलत्या एका स्टुलावर रुग्णाचा भाऊ. मी आणि एका मेट्रन मॅडमनी मिळून त्या वॉर्डासाठी चार स्टुलांचं इंडेंट भरलं. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं यावर आम्ही थोडा वेळ थांबलो. मग मेट्रननी लिहिलं, 'रुग्णाजवळ बसण्यासाठी'. स्टोअरमधून ते परत आलं, नातेवाइकांसाठी फर्निचर मंजूर नाही अशा शेऱ्यासह. आम्ही दुसरं भरलं. त्यात 'नातेवाइकांसाठी नसून विद्यार्थ्यांसाठी, शैक्षणिक कामाकरिता' असं लिहिलंय, आणि सोबत अभ्यासक्रमातल्या परिहार सेवेच्या, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरच्या, पानाची झेरॉक्स जोडलीय.